साहेबांची ओळ

बोरूकाकांनी चौदा नंबरची ओळ कोरी सोडली, ते त्यांना स्वतःलाही कळलं नाही. तेरावी नोंद लिहून झाली, खाली चौदाचा आकडा पडला, आकड्यापुढे वेळ नाही की मजकूर नाही, आणि पुढची नोंद आली तेव्हा हात सरळ पंधरावर जाऊन बसला. सदतीस वर्षं हाताला हेच वळण. जित्याची खोड, दुसरं काय.

आता ही ओळ म्हणजे काय भानगड, ते आधी सांगायला हवं. पोलीस ठाण्यात एक जाडजूड वही असते. कोण आलं, कोणाला आणलं, कोण गस्तीला गेलं, सगळं घड्याळ बघून तिच्यात लिहायचं. पानांवर छापील आकडे, प्रत्येक पानाला शिक्का, त्यामुळे पान फाडायची सोय नाही. बोरूकाका नोकरीला लागले तेव्हा हाडं मोजून घ्यावीत इतके किडकिडीत होते, आणि अक्षर मोत्यासारखं. ठाण्याने त्यांना बोरू हे नाव दिलं आणि वहीवर बसवलं. थोरल्या हवालदाराने पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच, की पानाच्या तळाला शेवटून दुसरी ओळ सोडायची. ती साहेबांची ओळ. दिवसभरात काही भलतंसलतं झालं, तर साहेब सांगतील ते त्या ओळीत बसवायचं. काही झालं नाही, तर संध्याकाळी ‘ठाण्यात शांतता’ असं लिहून मोकळं व्हायचं. म्हणजे वरून तपासायला येणाऱ्याला संशय यायला जागाच नाही, कारण शांतता पानोपानी.

मग काळ बदलला. बदलला म्हणजे काय, एका रात्रीत नाही. आधी पकडलेल्या माणसाच्या हक्कांचा फलक आला. तो वर्षभर कपाटाच्या मागे होता. मग कपाट हलवायचा हुकूम आला. कोठडीच्या गजांसमोर कॅमेरा आला, तो दोन वर्षं बंद होता. मग बंद का, असं विचारणारी माणसं येऊ लागली, आणि चमत्कार व्हावा तसा तो चालू झाला. वहीत एकही ओळ कोरी सोडू नये, असं परिपत्रक आलं. ते बोरूकाकांनीच आपल्या सुरेख अक्षरात उतरवून फलकावर डकवलं, टेबलाशी येऊन बसले, आणि शेवटून दुसरी ओळ सोडली. हसू नका. तुम्ही-आम्ही असतो तर हेच केलं असतं.

त्या दिवशी तेराव्या नोंदीत जो माणूस होता, तो किल्ल्या बनवणारा होता. बाजारातलं एक दुकान कुलूप न तोडता कोणीतरी उघडलं होतं, मग किल्लीवाल्यावर संशय जाणारच. अकरा दहाला त्याला घेऊन आला तो शिपाई म्हणजे बोरूकाकांचा जावई. काकांच्या टेबलाची मांडणी अशी होती, की समोर आणलेला माणूस साहेबांच्या दाराकडे तोंड करून उभा राही आणि काका त्याच्या डाव्या अंगाला येत. काकांचा आवाज मुळातच बारीक. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, धंदा विचारला, आणि किल्लीवाल्याने न अडखळता एकेक सांगितलं. मग जावई त्याला आतल्या खोलीत घेऊन गेला. अर्ध्या तासाने किल्लीवाला बाहेर आला तो डाव्या कानावर हात धरून. काकांनी मान वर केली आणि परत खाली घातली.

पण किल्लीवाल्याला बहीण होती. ती बारा वाजता ठाण्यात आली, तिला बाकावर बसवलं, आणि तिने बसल्या बसल्या समोरचा तो हक्कांचा फलक वाचून काढला. इतक्या वर्षांत तो कोणी शेवटपर्यंत वाचला होता की नाही, देव जाणे. तळाला तक्रार मंडळाचा फोन नंबर होता. बाईने तिथूनच फोन लावला. एक वाजता वरून निरोप आला, की मंडळाच्या चौकशी अधिकारी चार वाजता येतायत आणि नोंदवही तयार ठेवा.

सव्वा वाजता साहेबांनी काकांना आत बोलावलं. हे साहेब वयाने काकांच्या मुलासारखे, बोलणं गोड, काकांना कधी एकेरी हाक मारली नाही.

“काका, चौदा कोरी आहे ना?”

वही तर बाहेर टेबलावर होती. म्हणजे साहेबांनी आधीच येऊन पाहून घेतलं होतं.

“आहे, साहेब.”

“छान. तेराला तो आला अकरा दहाला, पंधराला गस्तीची गाडी परत आली बारा पाचला. मध्ये अकरा पंचवीस टाका. पाणी प्यायला बाहेर नेताना पुढच्या पायऱ्यांवरून घसरला, डोक्याच्या डाव्या बाजूला मार लागला.”

“पायऱ्या तीनच आहेत.”

“तीन तर तीन. तिथे कॅमेरा पोचत नाही, एवढं बघा.” साहेब उठले, त्यांनी दार लोटून घेतलं. “हे बघा काका, मी सांगतोय ते माझ्यासाठी नाही. माझी फार तर बदली होईल. शिपायाची नोकरी जाईल, वर खटला. आणि शिपाई माझा जावई नाही.”

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोन महिन्यांवर आलेल्या निवृत्तीच्या समारंभाचा विषय काढला. काय गोड बोलणं असतं एकेकाचं. अंगावर काटा येतो.

बाहेर जावई उभाच होता. मनाने वाईट नाही हो पोरगा. मुलीला शाळेत सोडतो, घरी भांड्यांना हात लावतो, सासू आजारी होती तेव्हा महिनाभर दवाखान्याच्या खेपा त्यानेच घातल्या. काकांना मामा म्हणतो. रस्त्यावर पोरं पोलिसाला चिडवून मामा म्हणतात, त्यामुळे ठाण्यात त्याने मामा म्हटलं की बाकीचे हसायचे. एकदा रेकॉर्ड खोली झाडायला लावली तेव्हा जुन्या वह्या चाळून त्यानेच काकांना चिडवलं होतं, “मामा, आतातरी पेन बदला. जागोजागी आकड्याखाली ठिपके पडलेत.” काका तेव्हा नुसते हसले होते.

आज त्याचा चेहरा पांढराफटक होता.

“मामा, एकच दिली. आईशपथ एकच. तीसुद्धा उघड्या हाताने.”

“उघड्या हाताने,” काका म्हणाले.

“वळ उठत नाही म्हणून.”

“कोणी शिकवलं तुला?”

“शिकवायचं काय त्यात, मामा? सगळे तसंच करतात.”

काकांना ठाऊक होतं कोण करतं. तळहात थोडा पोकळ करून कानावर द्यायची, म्हणजे आवाज आतच फुटतो आणि बाहेर काही दिसत नाही. त्यांच्या पहिल्या साहेबांचा तो हातखंडा होता. ते साहेब मरूनही वीस वर्षं झाली.

किल्लीवाल्याच्या जप्त सामानाच्या यादीवर त्याची सही राहिली होती. काका यादी घेऊन गजांपाशी गेले. तो भिंतीला टेकून बसला होता. काकांनी नेहमीच्या बारीक आवाजात सांगितलं, “सही करायचीय.” तो हलला नाही. पुन्हा सांगितलं. मग त्याने काका दिसल्यावर मान पूर्ण वळवली आणि उजवा कान गजांना लावला.

“या बाजूने बोला साहेब. तिकडे नुसती शिट्टी वाजतेय.”

काकांनी यादी वाचून दाखवली. कमरेचा पट्टा एक, चष्मा एक, कानस एक, किल्ल्यांचा जुडगा एक. किल्लीवाला ऐकत राहिला आणि मग म्हणाला, “कुलूप आतून कसं आहे ते आम्ही कानाने बघतो, साहेब. खटका पडला की कळतं. आता हे राहील का असंच?”

“डॉक्टर येतील,” काका म्हणाले. डॉक्टरला कोणी बोलावलंच नव्हतं. ते टेबलाशी आले, त्यांनी स्वतः दवाखान्यात फोन लावला, आणि त्याची नोंद सतरा नंबरला घड्याळ बघून केली. साहेबांना न विचारता काही लिहिण्याचा सराव इतका सुटला होता, की लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचून पाहिलं.

त्यांना शिंपी आठवला. आठवला म्हणजे काय, तो विसरला कधी होता? नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. ठाण्यातल्या सगळ्यांचे गणवेश शिवायचा तो शिंपी. बोरूकाकांचा पहिला गणवेशही त्यानेच शिवला होता, किडकिडीत पोर बघून खांद्यात थोडा कापूस भरला होता, म्हणाला होता, पोलीस वाटला पाहिजेस. त्याला कोणाच्या तरी सांगण्यावरून सोमवारी संध्याकाळी आणलं. मंगळवारी सकाळी त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. साहेबांनी साहेबांची ओळ भरायला सांगितली, आणि बोरूकाकांनी लिहिलं की शिंप्याला मंगळवारी सकाळी साडेनऊला आणलं, येतानाच त्याचा हात दुखावलेला होता. सोमवारची रात्र वहीतून गेली. शिंप्याने शिवलेला शर्ट अंगात घालून त्यांनी ते लिहिलं होतं. कोणी विचारलं नाही. त्या काळी विचारायचं असतं, हेच कोणाला माहीत नव्हतं.

अडीचला मुलीचा फोन आला. काका मागच्या पडवीत गेले, जिथे जप्त केलेल्या सायकली गंजत पडलेल्या असतात.

“बाबा, हे म्हणतायत तुमच्या हातात आहे.”

“काय काय सांगितलं त्याने?”

“सगळं. मारलं तेही सांगितलं.” ती थांबली. “चुकलंय त्यांचं, बाबा. मी त्यांना घरात घेऊन जे बोलायचं ते बोलेन. पण नोकरी गेली तर मी काय करू? जेलमध्ये गेले तर पोरीला काय सांगू?”

“बघतो मी.”

“बघतो नको. लिहा.” तिचा आवाज एकदम खाली आला. “आम्हाला काय कळत नव्हतं का? ज्या दिवशी तुम्ही जेवायचा नाहीत, त्या दिवशी आई म्हणायची, आज बाबांनी ओळ लिहिली असेल, त्रास देऊ नका. एवढ्या लोकांसाठी लिहिलीत. माझ्यासाठी एक नाही होणार?”

काकांना वाटत होतं हे घरात कोणाला ठाऊक नाही. बायको हे सगळं पोटात ठेवून गेली, त्यांना एका शब्दाने न बोलता. ते सायकलीच्या दांड्याला धरून उभे राहिले. एकुलती एक मुलगी, तिने आजवर कशासाठी हट्ट धरला नव्हता, आणि आज धरला तो असा. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

“चार वाजून गेले की फोन कर,” ते म्हणाले.

टेबलाशी परत आले तेव्हा साहेब दारातून बघत होते. जावई पाण्याच्या माठापाशी उभा राहून तिसऱ्यांदा पाणी पीत होता. काकांनी पेन उघडलं, निब कागदावर झटकली, आणि चौदा आकड्यापुढे अकरा लिहिलं. पुढे पंचवीस लिहायचं होतं. हात चांगला चालत होता, अक्षर मोत्यासारखं. तीन पायऱ्यांचा मजकूरही तयार होता. एवढी वर्षं असला मजकूर लिहून लिहून शब्द आपणहून रांगेत उभे राहत. त्याचीच त्यांना भीती वाटली. भीतीपेक्षा किळस म्हणा.

त्यांनी पट्टी घेतली. चौदाच्या ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ मारली, अकराच्या आकड्यावरूनही, आणि रेघेच्या शेवटी सही करून वेळ घातली: दोन बावन्न. मग पान उलटून पुढच्या पानावर अठरा आकडा टाकला आणि लिहायला लागले. चार वाजायला पंधरा मिनिटं कमी असताना त्यांनी पेन बंद केलं. साहेब एकदा जवळ येऊन गेले, काका लिहितायत हे बघून समाधानाने परत गेले.

चौकशी अधिकारी बाई बरोबर चारला आल्या. ठेंगणीशी बाई, हातात कापडी पिशवी, पायात चपला. साहेबांनी चहा मागवला, त्यांनी नको म्हटलं आणि वही मागितली. उभ्या उभ्याच वाचायला लागल्या. साहेब शेजारी, जावई भिंतीला लागून.

बाईंनी मारलेली रेघ पाहिली, पान उलटलं, आणि अठरावी नोंद मोठ्याने वाचली.

“‘चौदावी ओळ मी कोरी ठेवली होती. किल्लीवाला पायऱ्यांवरून पडला असे तिथे लिहिण्यास मला ठाणेदार साहेबांनी सव्वा वाजता सांगितले. तो पडलेला नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी त्याच्या डाव्या बाजूने हळू आवाजात नाव विचारले, तेव्हा त्याला नीट ऐकू येत होते. त्यानंतर माझा जावई, जो या ठाण्यात शिपाई आहे, त्याला आतल्या खोलीत घेऊन गेला. बाहेर आल्यावर त्याचा डावा कान गेला होता. मी पाहिले आणि मान खाली घातली.’”

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण काकांनी तो बघितला नाही. ते जावयाकडे बघत होते. जावई हळूहळू खाली बसला, भिंतीला घासत.

बाई म्हणाल्या, “तुमची निवृत्ती कधी?”

“दोन महिन्यांनी. होती.” काका उठले, खणातून रेकॉर्ड खोलीची किल्ली काढली. “अजून एक दाखवायचंय, बाई. तुम्ही विचारलेलं नाही ते.”

“काका, त्याची काही गरज नाही,” साहेब म्हणाले. आवाज अजून गोडच होता.

“चला,” बाई काकांना म्हणाल्या.

रेकॉर्ड खोलीत सदतीस वर्षांच्या वह्या रचून ठेवल्या होत्या. काकांनी एक खाली काढली, न शोधता पान उघडलं, आणि शेवटून दुसऱ्या ओळीच्या आकड्याखाली बोट ठेवलं. तिथे शाईचं एक टिंब होतं, मोहरीएवढं. दुसरी वही काढली. तिथेही तसंच टिंब. जावई पाठोपाठ आला होता, तो दारातून बघत होता.

“ज्या दिवशी काही झालं नाही, त्या दिवशी नुसतं शांतता लिहिलं,” काका म्हणाले. “ज्या दिवशी खोटं लिहिलं, त्या दिवशी टिंब दिलं. कोणासाठी दिलं, ते मलाही ठाऊक नव्हतं. हातून व्हायचं.”

“किती आहेत?”

“एकेचाळीस.”

“मामा,” जावई दारातून म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. “एकेचाळीस वेळा सगळ्यांना वाचवलंत. आणि माझ्या वेळेलाच तुम्हाला आठवण झाली?”

काकांना ते लागलं. लागायलाच हवं होतं, त्यात खोटं काय होतं?

“त्यांना वाचवलं, म्हणून तर तू शिकलास,” ते म्हणाले. “ज्याच्यासाठी मी पहिली ओळ भरली, त्याने पुढच्याला दाखवलं कसं मारायचं. त्याने त्याच्या पुढच्याला. असं करत करत तुझ्यापर्यंत आलं. तेव्हाच एकदा नाही म्हटलं असतं, तर तुझा हात उठलाच नसता. तुला मीच बुडवलंय, बाबा, पण ते आज नाही.”

जावयाने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. काकांना वाटलं पुढे होऊन त्याला जवळ घ्यावं, पण ते जागचे हलले नाहीत.

बाई शिंप्याचं पान वाचत होत्या. “हा माणूस आहे अजून?”

“आहे. कापड बाजाराच्या टोकाला मुलाचं दुकान आहे, तिथे बसून डाव्या हाताने बटणं निवडतो.”

“तुम्ही जाता तिकडे?”

“त्या गल्लीत मी पाय ठेवलेला नाही. पण विचारत असतो लोकांना.”

बाईंनी वही मिटली नाही. पिशवीतून कोरे कागद काढले, एका खोक्यावर बसल्या, पेन उघडलं. “नाव, वय, धंदा सांगा.”

काकांनी नाव सांगितलं, वय सांगितलं. मग धंदा. लेखनिक, एवढाच शब्द होता, पण तो दोनदा सांगावा लागला.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. सव्वाचार झाले होते. बाईंनी मानेने घ्या म्हटलं.

“लिहिली नाही गं, पोरी,” काका म्हणाले. “म्हणजे लिहिली. खरं झालं ते लिहिलं. माझंही लिहिलं.”

पलीकडे मागे नात कशासाठी तरी रडत होती.

“शाळेच्या वहीत तुम्ही मला कधी एक ओळ सोडू दिली नाहीत,” मुलगी म्हणाली. “सोडली की पान परत लिहायला लावायचात. मी रडायचे, तरी लावायचात.”

आणि तिने फोन ठेवला. ती बोलली ते रागाने, की कशाने, ते काकांना कळेना. त्यांनी फोन खिशात घातला, डोळे पुसले, आणि बाई थांबल्या होत्या म्हणून दुसरी वही उघडून पुढचं टिंब शोधायला लागले.